वाचून, समजून

—नाही, नाही, तिथं नको बसूस, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, इकडे ये, पंख्याखाली. हं, काय म्हणत होतो मी — सूचना वही. दाखवतो की. का नाही दाखवणार? रतनबाईची मुलगी तू, तिच्या जागी अनुकंपावर लागणार, उद्यापासून इथलीच म्हणायची. फक्त बघायची, फोटो काढायचा नाही, मोबाईल पर्समध्ये ठेव बाळा, तसा नियम आहे. कोणी केला नियम? मीच केला असेल. तेहतीस वर्षं झाली मला या आस्थापना विभागात. हे विद्यापीठ-बिद्यापीठ नव्हतं तेव्हा, नुसतं मेडिकल कॉलेज आणि दवाखाना, तेव्हापासून. इथले निम्मे नियम माझ्याच टायपिंगचे. काष्टीहून आलीस ना? पहाटेची एसटी? मग चहा घे. घे गं अर्धा कप. नको? बरं, राहू दे.

तर ऐक, दिशा. दर सोमवारी आमच्या डीन मॅडमचा 'संवाद' निघतो — नाव संवाद, बोलणार त्या एकट्याच, पण हे आपलं आपल्यात हं — म्हणजे आठवड्यात रुग्णालयात काय झालं, काय होणारे, कोणाचं अभिनंदन, कोणाला तंबी, सगळं कर्मचाऱ्यांना कळावं म्हणून. मॅडम वाईट नाहीत, गैरसमज नको. त्यांच्या आधीचे साहेब झेंडावंदनाला बोलायचे, ते थेट पुढच्या झेंडावंदनाला. मॅडम इंग्रजीत सांगतात, मी टाइप करतो. डॉक्टर लोकांना तो मोबाईलवर जातो. बाकीच्यांसाठी मी छापून या वहीत चिकटवतो, खाली हा शिक्का मारतो — बघ, 'वाचून, समजून सही केली' — हाही मीच करून आणलाय, माळीवाड्यातून — आणि वही वॉर्डावॉर्डात फिरते. सिस्टर, वॉर्डबॉय, मावश्या, ड्रायव्हर, सगळ्यांच्या सह्या. वाचतं कोण? कोणी नाही वाचत! तीन पानं इंग्रजी, एका हातात बेडपॅन, कोण वाचत बसणार? सही करायची, वही पुढे सरकवायची. मराठीत का नाही? अगं विचारलं होतं मी. मॅडम म्हणाल्या, चांगली कल्पना आहे सुमंत, करा तुम्ही भाषांतर. म्हणजे आणखी तीन पानं माझ्याच गळ्यात! मग मीही पुन्हा विषय काढला नाही.

हं, हा बघ तो सोमवार. आणि ही आईची सही. 'रतन', मग एवढी जागा सोडलीय, मग 'कानिफनाथ', आणि आडनाव मावेना म्हणून समासात वर चढवलंय. तूच शिकवलीस ना तिला? मला सांगितलं होतं तिनं. तुझे वडील गेल्यानंतरचं वर्ष असेल. या टेबलासमोर उभी राहिली नि म्हणाली, "सायेब, आता आंगटा न्हाई लावायची मी. लेकीनं सही शिकिवलीया." अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले बाईनं. मॅडमच्या केबिनमध्येसुद्धा गेली पेढे घेऊन, चपला बाहेर काढून. मला कौतुक वाटलं, खरंच वाटलं. आणि — आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू — सुटल्यासारखंही वाटलं. का म्हणजे? अंगठ्याचा नियम निराळा असतो ना. कर्मचारी अंगठा लावत असला तर शेजारी मला लिहावं लागतं, 'वाचून दाखवले', आणि त्याखाली माझी सही. मग वाचून दाखवावंच लागतं, मराठीत, एकेक कलम, कारण उद्या काही वाकडं झालं तर मान माझी अडकते. या रुग्णालयात शेवटचा अंगठा तुझ्या आईचा राहिला होता. दर सोमवारी वीस मिनिटं जायची माझी. ती बसायची त्या स्टुलावर, पदर खोचून, मन लावून ऐकायची हो! मध्येच विचारायची, "म्हंजी काय करायचं सायेब आमी?" — एमआरआय मशीनच्या उद्घाटनाचं कलम असलं तरी विचारायची, म्हंजी काय करायचं आमी. हसायचो आम्ही. सही आली आणि माझी ती वीस मिनिटं वाचली. सही म्हणजे माणूस साक्षर, साक्षर म्हणजे वाचलं, वाचलं म्हणजे समजलं. कागदावर तसंच असतं ते.

काय? नववं कलम? हो, तेच ते, तिसऱ्या पानाच्या तळाला. तुला वाचता येतंय ना इंग्रजी? येणारच, बीएस्सीला आहेस. मागच्या बाजूची लिफ्ट, लॉन्ड्रीची, जुनी जाळीच्या दाराची, तिचं कुलूप बिघडलं होतं. पिंजरा वरच्या मजल्यावर असला तरी खालचं दार उघडत होतं, आत नुसती विहीर. मेंटेनन्सच्या केदारनं शनिवारी दुपारी फोन केला, तेव्हा 'संवाद' टाइप करून झाला होता, म्हणून ते शेवटी आलं. मी मॅडमना विचारलं हं, देवाशपथ विचारलं — हे पहिलं घेऊ का? त्या म्हणाल्या, गुरुवारी मानांकनाची टीम येतेय सुमंत, पहिल्याच ओळीला लिफ्ट बंद? राहू दे खाली, घेतलंय ना, झालं तर मग. आता मी काय म्हणणार? पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं? आठ महिने राहिलेत माझे रिटायरमेंटला. पहिलं कलम काय होतं सांगू? लेटरहेडवर शहराचं नवं नाव वापरावं, जुनं लेटरहेड आढळल्यास कारवाई. ते पहिलं. आणि हे नववं.

पण सूचना दिली नाही असं कोणाला म्हणता येणार नाही, बघ. दिलीच होती. केदारनं लिफ्टवर कागदही चिकटवला होता, 'आउट ऑफ ऑर्डर', हा एवढ्या मोठ्या अक्षरात. माझ्याच प्रिंटरवर छापला. रविवारी लावला, मंगळवारी सकाळी नव्हता. अपघात बुधवारचा, पावणेसातला. कपड्यांची ट्रॉली ती उलटी चालत ओढायची ना, सगळ्याच जणी तशाच ओढतात, त्या ट्रॉलीचं पुढचं चाक अडकतं, ढकलली की भिंतीला जाते. दार उघडलं, आणि पाठमोरी — असो. असो गं. पाणी हवंय? घे ना. माठातलं आहे.

कागद कुठे गेला? काढला की. टीम येणार ना, मग पाचवं कलम बघ, दुसऱ्या पानावर — सर्व भिंती, दारे यांवर चिकटवलेले कागद, पत्रके, स्टिकर काढून पृष्ठभाग स्वच्छ करावेत. हाउसकीपिंगनं काढले. आता हाउसकीपिंग म्हणजे कोण, या मावश्याच. ज्याचा जो भाग ठरलेला, त्यानं. मागचा जिना ते लॉन्ड्री हा भाग — कोणाचा का असेना, आता काय उपयोग? अगं, माझ्याकडे अशी बघू नकोस. सगळ्यांनाच सांगितलं होतं, तिला एकटीला नाही. वही घेऊन मीच गेलो होतो त्या सोमवारी, शिपाई रजेवर होता म्हणून. दुसऱ्या मजल्यावर भेटली. हात ओले होते, पदराला पुसले, सही केली — वेळ लावून करायची ती, जीभ दातात धरून — आणि विचारलं, "सायेब, आमाला कायतरी हाय का ह्यात?" मला पुढे चार वॉर्ड करायचे होते, दीडला जेवणाची सुट्टी. मी म्हटलं, भिंतीवरचे कागद काढायचेत रतनबाई, ब्लेडनं खरवडून, एकही राहता कामा नये. बाकी नेहमीचंच आहे.

नेहमीचंच आहे, असं म्हटलं मी.

तुला... तुला हे ठाऊक नव्हतं? मला वाटलं कोणी तरी सांगितलं असेल. अगं, तिनं कागद काढला तो मीच काढायला सांगितला म्हणून — म्हणजे मी सांगितला असं नाही, पाचव्या कलमात होतं — पण तिला कसं कळणार त्यावर काय लिहिलंय, इंग्रजी अक्षरं तिला सगळी सारखीच. माझ्या अंगावर नको ढकलूस हे सगळं. मी टाइप करणारा माणूस! सावेडीच्या घरी गेलो तरी तेच, आमची विजया म्हणते, अहो ताटातली भाकरी थंड झाली, कुठे लागलंय लक्ष. लक्ष इथंच असतं, त्या जिन्यात. वीस मिनिटं गं. अंगठा असता तर वाचलंच असतं मी. नववंही वाचलं असतं. आणि तिनं विचारलंच असतं, म्हंजी काय करायचं सायेब आमी.

चौकशी समितीनं परवा विचारलं, सूचना वाचून दाखवली होती का? मी म्हटलं, सही आहे साहेब. खोटं बोललो का? नाही. सही आहेच ना. आज चार वाजता शेवटची बैठक, त्या जबाबावर मला सही करायचीय आणि विषय मिटणार. त्याच्या आधी तुझा कागद व्हायला हवा, म्हणून तर तुला आज बोलावलं. गेलेलं माणूस काही परत येत नाही बाळा, मागं राहिलेल्यांचं बघावं लागतं. घरी आजी आहे, धाकटा भाऊ आहे, ओंकार ना? दहावीला? मग! नोकरी लागली म्हणजे सगळं मार्गी लागेल. सत्यशीला सिस्टर आहेत, त्या सांभाळून घेतील तुला. हे घे. अनुकंपा नियुक्तीचं संमतिपत्र. दोन पानं आहेत. इथं एक, इथं, आणि मागच्या पानावर खाली. कर सही. काही नाही गं त्यात विशेष, नेहमीचंच —

...

काय झालं? पेन चालत नाही का? हे दुसरं घे. अगं, ते कशाला ओढतेस, ते स्टॅम्पपॅड आहे, माझ्या शिक्क्याचं. शाई लागेल हाताला. दिशा, अगं अंगठा काय बुडवतेस त्यात, तू बीएस्सीला ना? आत्ता माझ्यासमोर आवक रजिस्टरमध्ये सही केलीस तू, चांगली वळणदार. असला पोरखेळ ऑफिसमध्ये करायचा नसतो. वर धरून बसलीस कशाला तो अंगठा? अंगठा लावलास तर मग मला शेजारी —

हां. हां, कळलं.

अंगठा लावायचा म्हणजे मी वाचून दाखवायचं. शेजारी लिहायचं आणि सही करायची. नियम माझाच आहे. बरं. बरं, वाचतो की. त्यात काय एवढं, वाचतो. चष्मा कुठे गेला — हा इथंच. ऐक. 'मी, खाली सही करणार, कै. रतनबाई यांची कायदेशीर वारस...' हे तुला ठाऊकच आहे. कलम एक, मला नियुक्तीच्या सर्व अटी मान्य आहेत. कलम दोन, मी कोणत्याही विभागात, कोणत्याही पाळीत काम करण्यास तयार आहे. तीन, कागदपत्रं खरी आहेत. चार, पाच — हे पण सगळं वाचू? वाचतो. चार, ओळखपत्र परत केलं आहे. पाच, गणवेश परत केला आहे. गणवेश... तो तुला मिळालाच नसेल. सहा.

सहा. 'सदर अपघात हा, मयत कर्मचाऱ्यास लेखी सूचना देण्यात आलेली असतानाही, व सदर सूचना तिने वाचून, समजून सही केलेली असतानाही, तिच्या स्वतःच्या निष्काळजी...'

मीच टाइप केलंय हे. शुक्रवारी. तुला न वाचता सही करायला लावणार होतो मी, तुलासुद्धा.

'तिच्या स्वतःच्या...' नाही. नाही होत. 'वाचून, समजून...'

जा तू. जा गं बाळा, ऑफिस बंद आहे आज. चार वाजता काय सांगेन ते मला नको विचारूस. कागद इथंच राहू दे, कोरा राहू दे. आणि तो अंगठा पूस आधी, ओढणीला लागेल.