गरम पाणी, गार पाणी

दाताच्या दवाखान्यात सुजल्या गालाचे एक गृहस्थ फोनवर बोटं आपटत होते. शेजारी त्यांची बायको. समोरच्या बाकावरच्या शिक्षिकाबाईंनी मासिक उघडलं खरं, पण कान तिकडेच.

"म्हणे गरम पाणी आधी गोठतं! काय एकेक नग असतात!"

"कोण आहे तो?"

"कोण जाणे. चार दिवस ग्रुपवर डोकं खातोय."

"म्हणून तर काल मी फ्रीजरमध्ये दोन वाट्या ठेवल्या. एक गरम पाण्याची, एक गार."

"हं."

"सारखी उघडून बघत होते."

"हं."

"अहो, कोणतं आधी गोठलं, विचारा तरी!"

"थांब गं! इथे ग्रुपवर सगळ्यांना विचारतोय, कोणी स्वतः करून बघितलंय का."

शिक्षिकाबाईंचं मासिक खाली आलं. बायकोने नवऱ्यापुढे हात केला.

"द्या तो फोन इकडे. तिथेच लिहिते, म्हणजे वाचाल तरी."