हात वर केलेला चालत न्हाय

प्रशिक्षण म्हटलं की मला आता डोकं धरावंसं वाटतं. दिव्यांग मुलांच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी घडवायचा अभ्यासक्रम होता, धाराशिवला. आमच्या वर्गात ईट गावचे नेमाणे सर होते, जन्मापासून कर्णबधिर. क्लार्क हजेरी घ्यायचा, नाव आलं की शेजारचा कोपरानं खुणावायचा आणि सर हात वर करायचे. तरी सहा महिन्यांनी यादी लागली: नेमाणे, हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही.

मी क्लार्ककडं गेलो. "अहो, ते रोज पहिल्या बाकावर असतात."

"असतील. पण 'हजर' म्हणत न्हायत."

"त्यांना ऐकू येत न्हाय, बोलता येत न्हाय. हात वर करतात की."

"हात वर केलेला चालत न्हाय. तोंडी उत्तर पायजे, नियम हाय."

कुठल्या अभ्यासक्रमाच्या हापिसात बसून बोलतोय हे, सांगा.

दुसऱ्या दिवशी हजेरीला आमच्यातल्या कुणीच तोंड उघडलं न्हाय. नाव आलं की नुसता हात वर. क्लार्कनं शांतपणे सगळ्या वर्गाला गैरहजर लावलं. तेवढ्यात प्राचार्य आले आणि हजेरीपट बघून चमकले.

"अहो, वर्ग भरलाय की. माणसं दिसत न्हायत का तुम्हाला?"

"दिसतात सर," क्लार्क म्हणाला, "पण एक बी जण बोलंना."

मग आम्ही प्राचार्यांना सगळं सांगितलं आणि नेमाणे सरांची हजेरी त्याच दिवशी दुरुस्त झाली. आमची त्या दिवसाची गैरहजेरी मात्र अजून तशीच हाय.