सुई मधोमध

—नाही हो मॅडम, चूक तुमची नव्हतीच. चिठ्ठीत लिहिलं नाही, कारण अशा गोष्टी चिठ्ठीत मावत नाहीत. बसा. ती खुर्ची नको, डुगडुगते, इकडे बसा. तीन वर्षं झाली ना? चौकशीत तुम्ही एकच वाक्य धरून बसला होतात — ‘सुई मधोमध होती, सुई मधोमध होती’ — आणि समोरची पाच माणसं अशी मान हलवत होती, जशी शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरापुढे मास्तर हलवतात. मी मागच्या बाकावर होतो. अहो, होतीच सुई मधोमध! धुक्यात ती दाखवेल तसंच तुम्ही विमान खाली आणत होतात. सुईच थापा मारत होती, त्याला वैमानिक काय करणार?

का म्हणजे? माती. धावपट्टीच्या कडेला तो खांब आहे ना, तो विमानातल्या त्या सुईला उतरणीची वाट दाखवतो — पण एकट्याने नाही, समोरच्या जमिनीवर आपटून सिग्नल वर जातो, म्हणून ती जमीन तळहातासारखी सपाट लागते. एकोणीस वर्षं सांभाळला मी तो खांब. गवत वीतभर वाढलं तरी उभा राहून कापून घ्यायचो. आणि साहेबांनी — आमचे मुख्य अभियंता, मोठे साहेब — आतला नवा रस्ता खणायला काढला आणि सगळा ढिगारा नेमका तिथे ओतला. सिग्नल वाकला. रोज नाही, तीच तर गोम! माती कोरडी असली की ठीक, भिजली की वाट खाली झुकायची. माझ्या कामाच्या खोलीतलं मीटर म्हणायचं सगळं छान — ते खांबाच्या पायाशीच बघतं, त्याला काय कळतंय. मी हातातलं यंत्र घेऊन पार पट्टीच्या टोकाला जाऊन मोजायचो. सात वेळा लिहिलं. ही वही बघा. सातही नोंदींखाली त्यांचा शेरा — ‘दोष आढळला नाही’ — आणि खाली ही झोकदार सही.

एकदा मीच बंद केला सिग्नल, माझ्या अधिकारात. चार विमानं दुसरीकडे वळली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या स्टाफला हॉलमध्ये जमवलं, मला पुढे बोलावलं आणि माफीनामा वाचायला लावला — मोठ्याने. आवाज चिरकला, तर म्हणाले पुन्हा, पहिल्यापासून. वाचला. कँटीनमधल्या बायका हात पुसत दारात येऊन ऐकत होत्या. शेवटी काय म्हणाला माहितेय? ‘खांब ठीक आहे, याचं डोकं तपासून घ्या.’ आणि हसले सगळे. माझ्या हाताखाली शिकलेलेसुद्धा. घरी आमच्या हिने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. अजून सांगितलेलं नाही तिला.

हो हो, येतो त्या दिवसावर. धुकं होतं, आदल्या दिवशीच्या पावसाने माती भिजलेली. सकाळी नऊला मोजलं — वाट चांगलीच खाली. टॉवरला कळवायचं, एवढंच काम. रिसीव्हर उचलला होता मी. तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर खोलीत डोकावला, म्हणाला साहेबांना घ्यायला आलोय, आत्ताच्या विमानाने येताहेत. तुमच्या विमानाने. आणि मी — मी रिसीव्हर ठेवला.

म्हणजे, फोन लागत नव्हता — लागत होता. लागत होता हो. आता लपवून काय करू? म्हटलं, यांचा खांब ठीक आहे ना, मग उतरू देत की त्याच्यावरून! जरा पाचावर धारण बसू दे, एवढंच. आत एकशे बारा माणसं आहेत हे ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू? पण मला त्या सगळ्या खिडक्यांत एकच थोबाड दिसत होतं. मग विमानाचा आवाज आला, नको इतका खालून, आणि इंजिनं एकदम किंचाळली — तुम्ही शेवटच्या घटकेला वर ओढलंत, तरी दिव्यांचे खांब मोडत चाकं पट्टीवर आदळलीच. आणि तो? शिडीवरून कोट झटकत उतरला. साधं खरचटलं नाही. पाठीचा कणा मोडला तो त्या हवाईसुंदरीचा. चालते का आता ती? — नको, राहू दे, सांगू नका. संध्याकाळपर्यंत माती उचलली गेली, अहवाल त्यानेच लिहिला, परवाना गेला तुमचा.

त्या दिवसाचं पान? आहे. नऊचं माप माझ्या अक्षरात आहे, आणि शेजारी ‘टॉवरला कळवले’ची जागा कोरी. त्या कोऱ्या जागेपायीच तीन वर्षं वही ट्रंकेतून काढली नाही. गेल्या आठवड्यात त्याचा फोटो आला पेपरात, गळ्यात हार — विमानतळाच्या सुरक्षेसाठी सत्कार! ताट तसंच सोडलं. लगेच उठून तुम्हाला चिठ्ठी लिहिली. तुमच्या भल्यासाठी नाही हो, खोटं कशाला बोलू.

असं बघू नका माझ्याकडे. शिव्या द्या, हवं तर चपलेने मारा, पण वही न्या. मलाही पकडतील, पकडू देत. फक्त एक करा — नाव घ्याल तेव्हा आधी त्याचं घ्या. माझं मागाहून. त्याला आत नेताना मला बाहेर उभं राहून बघायचंय.

उठा आता. आमची ही येईल इतक्यात.