पाणी आलं हो बाबा!

...आणि वर बायको सगळं माहीत असून मलाच विचारते, ‘‘अहो, कंबर कशानं धरली?’’ कशानं धरली! दिवसभर चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी वाकायचं आणि घरी येऊन बादल्या ओतायच्या... भरायच्या नाहीत हं, ओतायच्या! तुम्हाला सांगतो, पाणी भरून कंबर गेलेली माणसं ढिगानं सापडतील, न आलेलं पाणी ओतून कंबर गेलेला मी एकटाच!

थांबा, नीट सांगतो. आम्ही राहतो सगळ्यात वरच्या मजल्यावर. पाणी येतं दुपारी, म्हणजे खालच्यांना येतं. पहिल्या मजल्यावर एक कंत्राटदार आहे, त्यानं नळाला मोटार लावलीय. पाणी आलं रे आलं की त्याची मोटार सुरू, घूंऽऽऽ! अख्खी इमारत थरथरते, आणि आमचा नळ? नुसता खोकतो. बोट लावलं तर बोट आत ओढतो लेकाचा! म्हणजे द्यायचं सोडा, आमच्याकडचंच काही मिळतंय का बघतो! आणि समोरच्या मोठ्या फाटकाच्या सोसायटीत माळी पाइप धरून उभा. हिरवळ भिजते, गाड्या भिजतात, रस्ता भिजतो... मी म्हटलं, ‘‘माळीदादा, तो रस्ता उगवणार आहे का?’’ तर म्हणतो, ‘‘साहेब, पाणी माझ्याही घरी नाही. इथं निदान हात तरी लागतो पाण्याला.’’ आता याच्याशी काय भांडणार?

तर मोटार थांबल्यावर जी करंगळीएवढी धार उरते, तेवढ्यावर आमचं घर. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात... आमच्याकडे पाणी एकदा आलं की त्याला सहजासहजी सुट्टी नाही!

आणि आमचे बाबा! बाबा बसमध्ये कंडक्टर होते. जन्मभर एकच, ‘‘पुढे सरका, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या!’’ स्वतःची सीट कुणातरी म्हातारीला देऊन आपण दांडीला लटकणार. नोकरी संपली, सवय जातेय कुठे? पण मला काय माहीत! मी आपला बायकोला कौतुकानं सांगतोय, ‘‘बघ, माठ कसा पुरतो आपला! जरा काटकसर केली की...’’ काटकसर, माझं डोंबल! बाबा पेला भरून घ्यायचे, प्यायल्यासारखं करायचे आणि आमची पाठ फिरली की पुन्हा माठात ओतायचे. आपण प्यायलो नाही की संडासला जायला नको, बादली खर्ची पडायला नको, सूनबाईला पुरेल... म्हणून म्हातारा तहानलेला बसायचा हो! कळलं कधी? मोरीच्या दारात चक्कर येऊन पडले तेव्हा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘आजोबा, पाणी पिता ना?’’ ‘‘भरपूर!’’ त्यांनी मला बाहेर बोलावलं. ‘‘यांना प्यायला लावा. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील, मग माझ्या हातात काही नाही.’’ खोटं कशाला सांगू, दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून रडलो मी. माझा बाप... आणि एका पेल्यापायी?

घरी आल्यावर समजावलं, चिडलो, शपथा घातल्या. उत्तर एकच, ‘‘पाणी आलं की पितो रे. तुम्ही घ्या आधी.’’ मग मी डोकं लढवलं. बाबा गॅलरीत बसतात. मोरी त्यांना दिसत नाही, ऐकू येते. मी मोरीत शिरलो, घरातली एकुलती एक भरलेली बादली उचलली, रिकाम्या पिंपात ओतली, धबाधबा! आणि ओरडलो, ‘‘पाणी आलं हो बाबा!’’ कुठलं यायला! तेच पाणी बादलीतून पिंपात, पिंपातून बादलीत... बायको स्वयंपाकघरातून, ‘‘अगंबाई, आज काय धार आहे!’’ नाटकात जायला हवी होती ही! आणि गॅलरीतून बाबा, ‘‘आलं का? मग आण एक पेला.’’ प्यायले हो! घटाघटा प्यायले!

तेव्हापासून रोज. जेवायला घरी आलो की आधी मोरी. ‘‘पाणी आलं हो बाबा!’’ कुठलं यायला! संध्याकाळी परत तेच. बाबांच्या तोंडावर तजेला आला, डॉक्टरीणबाई खूश... आणि माझी कंबर? तिला विचारतो कोण!

परवा तर कहर झाला. बादली उचलली आणि कमरेतून अशी कळ गेली... अर्धं पाणी पिंपात, अर्धं पायांवर! तरी कण्हत कण्हत म्हटलं, ‘‘पाणी... आलं हो...’’ मागे बघतो तर दारात बाबा! भिंतीला धरून, हातात पेला.

‘‘सांडलंस ना?’’

‘‘नाही, ते... धार जोरात होती...’’

‘‘गप. खालची मोटार वाजली नाही, तर पाणी कुठून आलं रे? पहिल्या दिवसापासून कळलंय मला.’’

‘‘मग बाबा, पीत का होता?’’

‘‘मी पेला मागितला की तू ओतायचा थांबायचास म्हणून.’’

तिथंच ओल्यात बसलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा.

म्हटलं चला, कळलंय तर नाटक संपलं! काल सरळ पेला भरून नेला. बाबांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘पाणी आलं का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही आलं, पण...’’ ‘‘मग तुम्ही घ्या आधी.’’

घ्या! उठलो, मोरीत गेलो, बादली धरली... आणि गॅलरीतून आवाज, ‘‘अर्धीच घे रे, कमरेला जप!’’

चला, निघतो. आमच्याकडे पाणी यायची वेळ झाली.