शेंदूर लावलेलं पारडं

मंडळी, ऐका! म्हणजे ऐकलंच पाहिजे असं नाही — मागच्या रांगेत दोघांचे डोळे आत्ताच मिटलेत. त्यांना उठवू नका. माझ्या कीर्तनात तेवढाच एक गुण आहे! पण जे जागे असतील त्यांनी सांगावं: माणूस देवाला स्मरून धंदा करत असेल, तर त्याला सरकारी शिक्का हवाच कशाला?

उत्तरासाठी मी पोथ्या धुंडाळल्या. वजनमापांचा कायदा एकाही पोथीत सापडेना! शेवटी ही गोष्टच सापडली.

दगडूअप्पा शेटे. जन्मभर आठवडी बाजारात गोणपाट अंथरून गूळ विकला. म्हातारपणी हौस आली — पेठेत दुकान थाटायचं, दसऱ्याच्या मुहूर्तावर! दुकानाची नोंदणी केली, खाद्यपदार्थांचा परवाना काढला — कुरकुरत का होईना! पण तागडीवरही वजनमाप खात्याचा शिक्का हवा म्हटल्यावर अप्पा उसळले.

"वडिलांची तागडी आहे ती! दर शुक्रवारी पुजतो मी!"

बायको सरूबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मग त्या शुक्रवारांनाच गल्ल्यावर बसवा! शिक्का नसेल तर तोलायचं नाही, असा कायदा आहे. चला मुकाट्यानं!"

आता पूजा कशी, तर मालाचं पारडं म्हणजे लक्ष्मीचं पारडं! त्याच्या पोटाला दर शुक्रवारी तेलात कालवलेला शेंदूर. शिवाय घराण्याचा दंडक — तागडी रिकामी धरायची नाही, अपशकुन होतो! आधी वजन, मग गूळ, आणि वर स्वतःच्या हातानं एक खडा जास्त. लोक म्हणायचे, अप्पांचा हात मोठा!

कचेरीत निरीक्षक बाई होत्या, अप्पांच्या नातीच्या वयाच्या.

"आजोबा, रिकामी धरा बघू."

"रिकामी? बाई, दसरा तोंडावर आलाय!"

"मग तपासू कशी?"

मागून सरूबाई — "धरा की! देव बघतोयच, आता या बाईंनाही बघू द्या!"

अप्पांनी डोळे मिटले, तागडी धरली. उघडून पाहतात तो — मालाचं पारडं खाली! दांडी झटकली, पुन्हा धरली. पुन्हा खालीच! बाईंनी पारडं उलटं करून खरवडलं, तर शेंदराचं कवच निघालं, भाकरीएवढं!

"आजोबा, या कवचाच्या भारानं दर वेळी गूळ कमी तोलला गेला."

"पण मी वर खडा टाकत होतो हो!"

"खडा टाकलात. ढेकूळ तुमच्याकडेच राहिलं."

अप्पांनी कवच हातात घेतलं. देवाचा शेंदूर — फेकवेना! घरी न्यावा, तर न्यायची लाज! बाईंनी दांडी सारखी करून घेतली, शिक्का मारला. वाटेत सरूबाई हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. पेठेत नाव आहे तुमचं."

मंडळी, इथंच मेख आहे! शिक्का मिळाला, तागडी खरी झाली. आता गप्प बसलं तर कुणाला कळणार? तुम्ही काय केलं असतं? नको, सांगू नका — मग मलाही सांगावं लागेल!

दसरा उजाडला. दुकानाच्या दारात तागडी टांगली होती — रिकामी! शेजारी ते कवच.

"हे काय, अप्पा?" जमलेल्या जुन्या गिऱ्हाइकांनी विचारलं.

"माझं पुण्य!" अप्पा म्हणाले. "तुमच्या गुळावर साठलेलं. आज प्रत्येकानं एक ढेकूळ न्यावं. तुमचंच आहे."

कुणी हसलं, कुणी तोंडावर बोललं. बाजारातलं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे द्वारकाआजी, त्यांनी तर दोन ढेकळं उचलली — "गोड आहे रे मेल्या, पण किती उशीर केलास!" आणि दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक कोण? द्वारकाआजीच!

अप्पा लबाड नव्हते हो. पण आपलं पारडं आपण रिकामं धरून पाहत नाही. त्यासाठी परका माणूस लागतो, कधी कचेरीतला, शिक्का हातात घेतलेला! तुमच्या पारड्यावर कसली पुटं आहेत, तुम्हीच खरवडा. माझ्यावर पोथ्यांची आहेत. त्या भारानं मी वजनदार वाटतो, एवढंच!

तेव्हा मंडळी, आरती घ्या, प्रसाद घ्या. पण जाताना "बुवा, फार छान झालं" असं मात्र म्हणू नका — तो शेंदूरच आहे, आणि मला तो फार आवडतो!