पहिल्या रांगेतला वारा

सन्माननीय अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी बसलेले आपले सेक्रेटरीसाहेब, माझ्याबद्दल इतकं गोड बोललेले आजचे प्रमुख पाहुणे, पहिल्या रांगेतल्या मखमली खुर्च्यांवरची थोर मंडळी, दुसऱ्या रांगेतल्या गादीच्या खुर्च्यांवरचे सभासद, त्यामागं घडीच्या खुर्च्यांवर बसलेले कॉलनीतले भाडेकरू, आणि मागच्या भिंतीजवळच्या बाकावरचे ड्रायव्हर, मुलं सांभाळणाऱ्या बायका आणि स्वयंपाकघरातली आपली माणसं, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

हसू नका. हे मला कुणी लिहून दिलेलं नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, पण या क्लबाच्या हॉलमध्ये मी इतकी भाषणं ऐकलीत की झोपेतसुद्धा 'दोन शब्द बोलून मी माझी जागा घेते' असं बडबडते, असं माझी नात सांगते. फक्त ती सगळी ऐकली त्या तिकडून, दाराजवळच्या खांबाला टेकून. तिथून नुसत्या पाठी आणि टकलं दिसायची. इथून चेहरे दिसतात. बरे आहेत हो सगळ्यांचे चेहरे, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरे!

ही मंचावरची खुर्ची मी कितीदा पुसली असेल. बसले मात्र आज. हिचा डावा हात हलतो, हे मला माहीतच नव्हतं. पुसताना कळत नाही. बसल्यावर कळतं. सेक्रेटरीसाहेब, सुताराला सांगा.

तर सत्काराबद्दल आभार. ही लोकरीची शाल दिलीत, त्याबद्दलही आभार. कार्डावर छापलंय की 'वयोमानानुसार सेवेतून निवृत्त होत असलेल्या आपल्या लाडक्या आजी'. लाडक्या वाचून मला फार बरं वाटलं. वयोमानाचं वाचून जरा नवल वाटलं. माझं वय काय काल झालं? गेल्या वर्षी मी शिडीवर चढून पडदे उतरवत होते, तेव्हा खालून सेक्रेटरीसाहेब म्हणाले होते, "ए मावशी, तू अजून जवान आहेस, ती वरची कडी पण काढ." बघा, हसतायत. आठवतंय त्यांना.

माझं काम काय होतं, ते पाहुण्यांनी सांगितलं, 'हॉलची व्यवस्था'. एवढं मोठं नाही हो. मी खुर्च्या लावायची. पण खुर्च्या लावणं म्हणजे खुर्च्या मांडणं नव्हे. ज्यांचे वडीलसुद्धा इथले सभासद होते, ते मखमलीवर. ज्यांनी स्वतः पैसे भरून सभासदत्व घेतलं, ते गादीवर, मग त्यांचं घर मखमलीवाल्यांच्या दुप्पट का असेना. भाडेकरू घडीच्या खुर्चीवर. आणि बाकाचं काही सांगायलाच नको, बाकावरच्यांना आपोआप कळतं. हे कुठं लिहिलेलं नाही. मला कुणी शिकवलंही नाही. पहिल्या पहिल्यांदा एखाद्याला चुकीच्या जागी बसवलं की दहा डोळे माझ्याकडे वळायचे, तेवढ्यावर मी शिकले.

खरी कसोटी लागायची ती कुणी नवखा माणूस जाऊन थेट मखमलीवर बसला की. त्याला उठवायचं, पण त्याला कळता कामा नये. अपमान झाला असं वाटता कामा नये. त्यासाठी मी एक वाक्य तयार केलं होतं. जवळ जायचं, जरा वाकायचं आणि काळजीनं म्हणायचं, "इथं एसीचा वारा थेट अंगावर येतो हो, त्रास होईल तुम्हाला. जरा मागं बसा ना." माणूस उलट 'थँक्यू' म्हणून उठायचा. अध्यक्षबाई स्वतः मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." मी ते वाक्य आठवडाभर मिरवलं.

एकदाच फसलं ते. टायरवाले शेठ, ते नवीन सभासद झाले तेव्हाची गोष्ट. आज आलेत ते, गादीवर आहेत, नमस्कार शेठ. त्यांच्या आई आल्या होत्या. साधं सुती पातळ, पायात रबरी चपला, आणि जाऊन बसल्या पहिल्या रांगेत मधोमध. मी गेले, वाकले, म्हटलं, "आजी, इथं वारा लागेल तुम्हाला." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला उकडतंय गं." आता काय बोलणार? माझ्याजवळ पुढचं वाक्यच नव्हतं. मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि मागं गेल्या. पदरानं वारा घेत बसल्या होत्या बिचाऱ्या.

विषय कुठं होता? हां. माझी नात.

तिच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय, पण आजीला माईक दिला आणि नातीबद्दल बोलू नको म्हटलं, तर आजीनं बोलायचं तरी काय? हवापाण्यावर? तिचे आईवडील ती रांगत होती तेव्हाच गेले. या हॉलच्या मागं सामानाची खोली आहे ना, तिथं खुर्च्यांच्या चळतींमध्ये ती वाढली. गप्प म्हणून कधी बसली नाही, नुसती गरगर, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. घडीच्या खुर्च्या उलट्या मांडून घर करायची आणि मला म्हणायची, "आजी, चपला बाहेर काढ, इथं मोठी माणसं राहतात." कुणाकडून शिकली असेल?

आणि आता दातांची डॉक्टर आहे! स्वतःचा दवाखाना नाही, मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली आहे, पण पाटीवर नाव आहे. मी जाऊन बसते कधी कधी. काय सांगू तुम्हाला, तिच्याकडे एकच खुर्ची आहे. पहिली रांग नाही, दुसरी नाही. मखमलीवाले असोत नाहीतर बाकावरचे असोत, सगळे त्याच खुर्चीवर, सगळे आडवे, आणि सगळे तिच्यापुढं आ वासून. मला तर हसूच आवरत नाही. या हॉलमध्ये ज्यांच्यापुढं तोंड उघडायची माझी छाती झाली नाही, त्यांना ती म्हणते, "मोठं उघडा, अजून मोठं."

त्याच खुर्चीवर एकदा अध्यक्षबाईंचे चिरंजीव जाऊन बसले. अक्कलदाढ दुखत होती. भिंगरीनं ती काढली, आणि अक्कल गेल्याबरोबर त्यांनी तिला मागणी घातली. हे माझं नाही हो, त्यांचंच वाक्य आहे. फार गोड मुलगा. मला पहिल्या दिवसापासून आजी म्हणतो.

येत्या रविवारी याच हॉलमध्ये लग्न आहे, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. माझं वयोमान याच महिन्यात का झालं, हेही सगळ्यांना माहीत आहे. मग मी ते सांगितलं तर नवीन काय सांगितलं?

लग्न ठरल्यापासून मजाच चाललीय. आधी मी 'ए मावशी' होते. मग 'मावशी' झाले. मग 'अहो मावशी'. आता सेक्रेटरीसाहेबांना काय म्हणावं तेच सुचत नाही, ते नुसते खाकरतात. परवा एक बाई माझ्या हातातला झाडू काढून घ्यायला धावल्या, आणि काढून घेतल्यावर त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी मीच परत घेतला.

आणि गेल्या आठवड्यात अध्यक्षबाई स्वतः सामानाच्या खोलीत आल्या. बिस्किटांचा डबा घेऊन आल्या होत्या. मी घडीची खुर्ची उघडली, पदरानं पुसली. त्या उभ्याच राहिल्या.

"आजी, तुमची तब्येत आम्हाला महत्त्वाची आहे," त्या म्हणाल्या.

"तब्येतीला काय झालंय बाई?"

"तसं नाही हो. पण त्या दिवशी गर्दी असणार, हॉलमध्ये एसी पूर्ण चालू असणार. पुढं बसलात तर वारा थेट अंगावर येणार. तुम्हाला त्रास होईल. तुम्ही आपल्या घरी आरामात बसा, आम्ही मोबाइलवर सगळं दाखवू. उलट जवळून दिसेल तुम्हाला."

अगदी काळजीनं म्हणाल्या. जरा वाकून.

मला वाटलं होतं ते वाक्य माझं आहे. कुणाला फारसं माहीत नसेल. पण चांगलं वाक्य लपून राहत नाही. मला टायरवाल्यांच्या आईंसारखं म्हणायचं होतं, 'मला उकडतंय'. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, "हो बाई." आणि बिस्किटांबद्दल थँक्यूसुद्धा म्हटलं.

बाई, तुम्ही खाली बघू नका. मी तक्रार करत नाही. तुमची अडचण मला कळते. माझ्याइतकी ती कुणाला कळणार? तुम्ही गेल्यावर मी त्या खोलीत बसून मनातल्या मनात स्वतःला एकेका खुर्चीवर बसवून बघितलं. नवरीची आजी, म्हणजे मखमलीवर हवी. पण मखमलीवर खुर्च्या पुसणारी बसली तर तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर कोण बसेल? बरं, घडीच्या खुर्चीवर? मग लोक म्हणतील, आपल्याच सुनेच्या आजीला भाडेकरूंमध्ये बसवलं. तुमचं नाक कापलं जाईल. बाकावर बसवलं तर त्याहून वाईट. इतकी वर्षं मी या हॉलमध्ये प्रत्येकाला जागा शोधून दिली, कुणाला कधी उभं ठेवलं नाही. आणि मला काही केल्या माझी जागा सापडेना. माझ्या जागेवर त्या मोठ्या डॉक्टरीणबाई बसणार आहेत म्हणे, मुलीकडच्या म्हणून. चांगल्या आहेत त्या. मखमलीवर शोभतील.

भिंगरी संध्याकाळी आली. तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, "आजी, मी जाऊन सांगते. तू नाहीस तर मीही नाही."

"अगं, मग लग्न कुणाचं लावायचं?"

"हसू नको आजी."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, आई ऐकतच नाही. म्हणतो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." मग माझ्या मांडीवर डोकं ठेवलं तिनं. एवढी डॉक्टर, पण डोकं तेवढंच आहे हो. "आजी, मी काय करू ते तू सांग. तू म्हणशील ते करते."

आता मी काय सांगणार? मोड म्हणू? मुलगा चांगला आहे. कर म्हणू? करतेच आहे. दोघी खुर्च्यांच्या चळतीला टेकून बसलो. शेवटी ती बिस्किटंच खाल्ली. चांगली होती.

ती आलीय आज. ती बघा, मागं बाकावर, ड्रायव्हरकाकांच्या शेजारी. सेक्रेटरीसाहेब दोनदा जाऊन विनवून आले, पुढं मखमलीवर जागा ठेवलीय म्हणाले, पण ती नुसती मान हलवते. अगं, ये ना पुढं. नाही येणार. लहानपणापासून हट्टी आहे. हा हट्ट काही उपयोगाचा नाही बाळा, तू तिथं मागं बसलीस म्हणून मला पुढं जागा होत नाही.

सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवतायत. संपवते. सगळेच असं म्हणतात आणि मग अजून बोलतात, मी पण थोडंसंच बोलणार.

सत्कारमूर्तीनं काही मागायचं नसतं, हे मला माहीत आहे. पण उद्यापासून मी इथं कामाला नाही, आणि रविवारी पाहुणी म्हणूनही नाही, मग मागायला आजचाच दिवस उरला. बाई, मला पहिली रांग नको. दुसरीही नको. माझी निवृत्ती रविवारच्या पुढं ढकलता येईल का? त्या दिवशीच्या खुर्च्या मी लावते. तुमचे पाहुणे कोण, कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं नाही, हे नव्या माणसाला नाही कळायचं. खुर्च्या लावून झाल्या की मी माझ्या खांबाला टेकून उभी राहीन. ओळख करून देऊ नका. कुणी विचारलं, ही कोण, तर सांगा, खुर्च्या लावणारी आहे. खोटं नाहीच ते. भिंगरी आत येईल तेव्हा तिची पाठ तरी दिसेल मला. पाठी बघायची मला सवय आहे.

उत्तर आत्ता देऊ नका बाई. माईक चालू आहे. तुमची पंचाईत होईल.

अध्यक्षबाईंचे, कार्यकारिणीचे आणि वेळात वेळ काढून आलेल्या तुम्हा सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. बाकावरच्या मंडळींना विनंती, चहा संपायच्या आत उठा, नाहीतर पुढचे लोक बिस्किटं ठेवत नाहीत. बोलण्यात माझ्याकडून काही उणंअधिक झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पोटात घाला. वय झालंय माझं, कार्डावर तुम्हीच छापलंय, त्या वयावर ढकला.

आणि बाई, शाल खरंच चांगली आहे. मघाशी तुम्ही पांघरलीत तेव्हा मी दोन बोटांत धरून बघितली. जाड आहे. हिच्यातून वारा आत यायचा नाही.