स्थळांच्या यादीत बैल

आमच्या बाळापूरच्या संतोषनं ॲप बनवलं. बैलांची विक्री अन् लग्नाची स्थळं, दोन्ही एकातच! मी त्याला म्हणलं, "स्थळांच्या यादीत फक्त 'नवरदेव' टाईपचीच नोंद बसंल, असं कोडमधीच लिही. चुकून दुसरं काही टाकलं तर ॲप चालू व्हायच्या आधीच एरर येईल."

"काहून? चालून तर राहिलं!"

पहिलंच गिऱ्हाईक म्हणून त्याचे मामा पोरीला घेऊन आले. संतोषनं ऐटीत स्थळ उघडून दिलं. मामा मोठ्यानं वाचू लागले, "उंचपुरा, शांत, कामाला चपळ, मारका न्हाई."

खाली फोटो बैलाचा! संतोषचं तोंड पाहण्यासारखं झालं. मामा भडकलेच.

पोरगी मात्र शांतपणे म्हणली, "पप्पा, मारका न्हाई असं आजवर एकाही स्थळानं लिहून दिलं न्हाई."